कुत्र्याला रानात नेण्यापूर्वी: नाशिककरांसाठी तयारीची यादी

नाशिकमधून कोणत्याही दिशेने बाहेर पडले तरी थोड्याच वेळात डोंगर लागतो. त्रिरश्मी लेण्यांचा परिसर, म्हसरूळची चामर लेणी, रामशेज आणि बोरगड, त्र्यंबक रस्त्यावरची अंजनेरी, त्यापुढे ब्रह्मगिरी. घरचा कुत्रा बरोबर घेऊन या रानवाटांवर जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि कुत्र्याच्या दृष्टीने ती आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र रानात कुत्र्याला होणारे बहुतेक अपाय त्या सकाळच्या सावधगिरीने टळत नाहीत. ते महिनाभर आधी घेतलेल्या लशीने आणि परत आल्यावर तीन आठवडे ठेवलेल्या लक्षाने टळतात. म्हणून ही यादी सामानाच्या क्रमाने न देता काळाच्या क्रमाने दिली आहे.

सर्वांत आधी जागा ठरवावी आणि तेथे कुत्रा नेता येतो का, हे वनविभागाच्या नाक्यावर किंवा कार्यालयात विचारून घ्यावे. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, तेथे पाळीव कुत्रा नेण्याचा विचारच करू नये. बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत, त्यामुळे तेथेही आधी परवानगीची खात्री करावी. हा केवळ नियमाचा भाग नाही. कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू कुत्र्यांकडून खोकड, कोल्हा, बिबट्या अशा वन्यप्राण्यांपर्यंत पोहोचू शकतो, आणि २०१८ मध्ये गीरच्या जंगलात याच रोगाने सिंह दगावले होते. लस न घेतलेला कुत्रा रानात नेणे हा त्याच्यावर आणि रानावर एकाच वेळी केलेला अन्याय आहे.

लसीकरणाची वही किमान महिनाभर आधी उघडावी. रेबीजची वार्षिक लस झालेली असावी. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा समावेश असलेली एकत्रित लसही चालू असावी. लेप्टोची लस पहिल्यांदाच घेत असाल तर तिचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात आणि दुसऱ्या डोसनंतर संरक्षण तयार व्हायला आणखी काही दिवस जातात. म्हणजे आषाढात अंजनेरीला जायचे असेल तर ज्येष्ठातच पशुवैद्यकांकडे जायला हवे. उंदीर, घुशी आणि गुरे यांच्या लघवीतून लेप्टोचे जिवाणू साचलेल्या पाण्यात उतरतात. ते कुत्र्याचे मूत्रपिंड व यकृत निकामी करू शकतात आणि त्याच्या लघवीतून घरातल्या माणसांनाही बाधू शकतात. ही लस काही ठरावीक प्रकारांपासूनच संरक्षण देते, त्यामुळे ती घेतल्यावरही डबक्यातले पाणी वर्ज्यच समजावे. पिल्लाचे सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रानात नेऊ नये.

गोचिडांवरचे औषध ही याच महिन्यातली दुसरी बाब आहे आणि माझ्या मते संपूर्ण यादीतली सर्वांत महत्त्वाची. जिथे गुरे चरतात तिथे गोचीड असतेच, आणि नाशिकभोवतीच्या जवळपास प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी गुरे चरतात. पोटात द्यायच्या गोळ्यांपैकी काहींचा परिणाम महिनाभर, तर काहींचा सुमारे बारा आठवडे टिकतो. मानेवर टाकायचे थेंब आणि औषधी गळपट्टे हे अन्य पर्याय आहेत. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर गोळी देण्यापूर्वी ते पशुवैद्यकांना आवर्जून सांगावे, कारण या गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेली औषधे टाळावीत, ती मांजराला विषारी ठरतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गोळीने गोचीड मरते ती चावल्यानंतर. त्यामुळे औषध दिले म्हणून अंग तपासण्याचे काम सुटत नाही.

ऋतू निवडताना उन्हाला कमी लेखू नये. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो प्रामुख्याने धापा टाकून अंग थंड ठेवतो. त्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताने जिवावर बेतते. मार्चअखेरीपासून जूनच्या पावसापर्यंत सूर्योदयाला निघून नऊच्या आत परतावे. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना या दिवसांत डोंगरावर नेऊच नये. आपल्याकडचा काळा कातळ उन्हाने लवकर तापतो. त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही तेथे पोळतील. धाप थांबेनाशी झाली, लाळ चिकट झाली, चाल लटपटू लागली, की ताबडतोब सावलीत नेऊन साधे पाणी अंगावर, पोटावर, मांड्यांच्या आत ओतावे, वारा घालावा आणि अंग ओले ठेवूनच दवाखाना गाठावा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्यात उष्णता कोंडते.

आता वाटेचा विचार. बाहेरगावच्या लेखांत जंगलातले धोके दिलेले असतात, पण आपल्याकडे जंगल सुरू होण्यापूर्वीच द्राक्षबागा आणि कांद्याच्या चाळी लागतात आणि कुत्र्याच्या दृष्टीने त्या दोन्ही जंगलापेक्षा कमी धोक्याच्या नाहीत. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. किती द्राक्षांनी बाधेल हे कुत्र्यागणिक बदलते, म्हणून एकही द्राक्ष सुरक्षित मानू नये. जानेवारी ते एप्रिल या हंगामात बागेच्या बांधावर गळलेले मणी आणि टाकून दिलेले घड पडलेले असतात. कुत्र्याने ते खाल्ले तर उलटी होण्याची वाट न पाहता लगेच पशुवैद्यकांकडे न्यावे, कारण पहिल्या एक-दोन तासांत पोट रिकामे करता आले तर पुढचे बरेचसे टळते. कांद्याचे तसेच आहे. चाळीतून काढलेला सडका कांदा रस्त्याच्या कडेला ओतलेला सर्रास दिसतो. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडायला पुरेसा असतो, आणि फिकट हिरड्या व गडद लघवी ही लक्षणे काही दिवसांनी उमटतात. तोवर ‘त्याने काय खाल्ले होते’ हे आपण विसरलेले असतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या द्राक्षवेलीवरच्या रोगांसाठी बागांमध्ये वरचेवर फवारण्या होतात. त्या काळात बागेलगतचे गवत कुत्र्याला चघळू देऊ नये आणि ठिबकच्या किंवा फवारणीच्या टाकीजवळचे पाणी पिऊ देऊ नये. खत म्हणून टाकलेल्या एरंडी पेंडीचा वास कुत्र्यांना फार आवडतो आणि ती अत्यंत विषारी असते. कुत्र्याला एकाएकी लाळ सुटली, अंग थरथरू लागले किंवा झटके आले तर शेतकऱ्याला औषधाचे नाव विचारून घ्यावे, शक्य झाल्यास डबीचा फोटो काढावा. उपचार त्यावर ठरतात. या कारणासाठी गाडी शेतवाटेच्या पलीकडे, थेट डोंगराच्या पायथ्याशी नेता येत असेल तर तसेच करावे.

पिशवीत काय असावे, हे थोडक्यात. स्वतःच्या पाण्याव्यतिरिक्त कुत्र्यासाठी किमान एक लिटर पाणी आणि पसरट भांडे, बारीक टोकाचा चिमटा, सलाइनची बाटली, गॉज व क्रेप बँडेज, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, आणि वेळ पडली तर कुत्र्याला झोळीसारखे उचलता येईल अशी मजबूत चादर. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही माणसांची औषधे कुत्र्यासाठी घेऊ नयेत. दोन पशुवैद्यकांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. निघण्यापूर्वी त्यांना फोन करून सर्पदंशावरचे प्रतिविष कोणाकडे उपलब्ध आहे, रात्री-रविवारी कोण भेटते, हे विचारून घ्यावे, कारण डोंगरामागे गेल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. निघण्याच्या दोन-तीन तास आधीपासून पोटभर जेवण देऊ नये.

रानात पट्टा सोडू नये. या एका गोष्टीवर कोणाचेही ऐकू नये, अगदी ‘आमचा हाक मारली की येतो’ असे म्हणणाऱ्यांचेही. नाशिक जिल्ह्यात बिबट्या आहे आणि तो शहराच्या वस्त्यांपर्यंतही येतो. शेजारच्या अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहाराचा सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्के, वाटा कुत्र्यांचा निघाला होता. पहाटेचा अंधार आणि तिन्हीसांजा टाळाव्यात, उसाच्या कडेने जाऊ नये. गावाकडच्या मोकाट कुत्र्यांशी किंवा मुंगसाशी झटापट होऊन चावा लागला, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस आधी झालेली असली तरी पशुवैद्यकांकडे जावे. कड्यांना आग्या मोहोळ दिसले तर कुत्र्यासह मुकाट्याने मागे फिरावे.

सापाच्या बाबतीत दगडांच्या राशी, बिळे आणि उंच गवत यांत कुत्र्याला नाक खुपसू न देणे हाच खरा उपाय आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष वापरतात आणि ते कुत्र्यालाही चालते, पण ते वेळेत मिळायला हवे. दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, चीर देऊ नये, रक्त चोखू नये, साप शोधत बसू नये. कुत्र्याला चालवू नये, चादरीत उचलून गाडीपर्यंत आणावे. घोणस आणि फुरशाच्या दंशाने बहुधा सूज चढते व रक्तस्राव होतो. नाग-मण्यारीच्या दंशात मात्र फारशी सूज नसतानाही पापण्या मिटू लागतात आणि श्वास मंदावतो. त्यामुळे सूज नाही म्हणून थांबू नये.

परत आल्यावर घरात शिरण्यापूर्वी ओट्यावर, उजेडात, सगळे अंग तपासावे. दिवाळीच्या सुमारास गवत वाळले की कुसळांचा त्रास सुरू होतो. कुसळीच्या बीला खाली अणकुचीदार टोक, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस आणि मागे लांब पिळदार शेपूट असते. हवेतला दमटपणा कमी-जास्त झाला की ही शेपूट पीळ सोडते आणि पुन्हा धरते, व त्या फिरण्याने टोक गिरमिटासारखे आत सरकते. जमिनीत रुजण्यासाठी असलेली ही युक्ती कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात किंवा कानात तितकीच काम करते. कुसळ आत गेले की मागे येत नाही, तेथे पू होतो. कुत्रा सतत डोके झटकत असेल, एकाच पंजाला चाटत असेल किंवा एकसारख्या शिंका देत असेल तर कानात-नाकात स्वतः चिमटा घालू नये, पशुवैद्यकांकडे जावे. लांब केसांच्या कुत्र्यांचे पंजे आणि कानाभोवतीचे केस या मोसमात कापून घ्यावेत.

गोचिडांसाठी मोबाइलचा टॉर्च लावून केस उलट्या दिशेने सारत जावे: कानाच्या पाळीची घडी, गळपट्ट्याखालची जागा, काखा, जांघा, बोटांमधल्या बेचक्या, शेपटीखाली. पोट भरलेली करड्या रंगाची गोचीड सहज सापडते, पण नुकतीच चढलेली लहान गोचीड मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असते आणि ती डोळ्यांपेक्षा बोटांना आधी लागते. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ, सावकाश ओढावी. रॉकेल लावणे, काडीने चटका देणे किंवा नखांत चिरडणे हे सर्व प्रकार टाळावेत. एर्लिकिया आणि बबेशिया हे गोचिडीच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात शिरणारे जंतू आहेत. एर्लिकियाचा संसर्ग काही तासांत होऊ शकतो, तर बबेशियाला सहसा दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे तपासणी त्याच दिवशी करावी आणि पुढच्या दोन सकाळी पुन्हा करावी.

शेवटी, सहलीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून तिच्यापुढचे तीन आठवडे खूण करून ठेवावेत. टिक फीवरची, म्हणजे गोचिडीच्या या जंतूंमुळे होणाऱ्या आजाराची, लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. त्या काळात ताप, जेवणावरून मन उडणे, फिकट हिरड्या, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, नाकातून रक्त किंवा गडद तपकिरी लघवी यांपैकी काहीही दिसले तर रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि ‘अमुक तारखेला रानात गेलो होतो’ हे पशुवैद्यकांना आपणहून सांगावे. एर्लिकियासाठी डॉक्सीसायक्लिन दिले तर ते बहुधा २८ दिवसांचे असते. कुत्रा चार-पाच दिवसांतच शेपूट हलवत दारात उभा राहतो, तरीही गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत द्याव्यात, आणि प्लेटलेटची संख्या पूर्ववत झाल्याचे दुसऱ्या तपासणीत दिसल्यावरच पुढची सहल ठरवावी.