किडनीचा आजार असलेला कुत्रा जेवत नसेल तर

भांड्यापाशी येतो, वास घेतो, ओठ चाटतो आणि तोंड फिरवून जातो ना, ते नखरे नाहीत हो, त्याला मळमळतंय, किडनी नीट चालत नसली की रक्तात युरिया (शरीरातला टाकाऊ पदार्थ) साठतो, त्याने असं होतं, म्हणून आधी डॉक्टरांकडून मळमळीचं औषध घ्या, मॅरोपिटंट वगैरे, तोंडात अल्सर आहेत का तेही बघायला सांगा.

मग खाणं जरा कोमट करा, वास सुटतो, आणि थोडं थोडं ४-५ वेळा द्या. किडनी डाएट (या आजारासाठीचं खास खाणं) मळमळ थांबल्यावरच सुरू करा, जुन्या खाण्यात मिसळत १-२ आठवड्यांत, नाहीतर त्या खाण्याचा कायमचा वीट येऊ शकतो त्याला (आमच्याने अगदी हेच केलं). जबरदस्तीने कोंबू नका. पाणी कायम समोर, कितीही प्यायला तरी. माणसांची पेनकिलर अजिबात नको! दिवसभर काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, न्याच दवाखान्यात.