लाकडावरचा चिकटपणा काढताना या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशात माळ्यावरून झोक्याची सागाची पाटली खाली येते आणि घाईघाईत तिच्यावर, दारांवर तेलाचा हात फिरतो. आठ दिवसांत सगळं चिकट, वर धुळीचा थर. शेंगदाण्याचं किंवा करडईचं खायचं तेल लाकडावर नीट वाळत नाही, हवा लागून हळूहळू डिंकासारखं घट्ट होतं. मग चमक गेली म्हणून लोक त्यावरच पुन्हा तेल चोपडतात! त्याऐवजी सुती फडकं टर्पेंटाइनमध्ये ओलं करून लाकडाच्या रेषांच्या दिशेनं पुसा. फडक्यावर पिवळट मळ येणं थांबेपर्यंत घड्या बदलत राहा. खिडक्या उघड्या, गॅस आणि देवघरातला दिवा बंद.

तेल लावायचंच असेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं बेलतेल (जवसाचं उकळलेलं तेल) घ्या, तेही पातळ, आणि वीसेक मिनिटांत उरलेलं पुसून काढा. ते बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45च्या आसपास असतो, मग तर बघायलाच नको. एकेक फडकं बाहेर पसरून वाळवा.

नव्या कपाटावरचा स्टिकर, लग्नाच्या सजावटीचा टेप यांचा गम वेगळा. तो ब्लेडनं किंवा तारेच्या घासणीनं खरवडला की पॉलिशही निघतं. टेप भर दुपारी ओढू नका, उकाड्यानं मऊ झालेला गम लाकडावरच राहतो. सकाळी, हळूहळू. जुना, कडक झालेला टेप मात्र हेअर ड्रायरच्या हवेनं कोमट करूनच सोडवा. उरलेल्या गमवर खोबरेल तेल दहा मिनिटं ठेवून जुन्या एटीएम कार्डानं सारा, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करा. बिनपॉलिशच्या लाकडावर तेल नको, डाग मुरतो.

सगळ्यात महाग पडते ती गमवर सॅनिटायझर, म्हणजे स्पिरिटच, चोळायची युक्ती. जुन्या फर्निचरवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे गम काढायला जाल आणि पॉलिशच चिकट होईल. आधी मागच्या बाजूला स्पिरिटचा कापूस टेकवून बघा. कापूस तपकिरी झाला, जागा चिकटली, तर स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर सगळं लांब ठेवा. धुण्याचा सोडाही नको, सागवान काळवंडतं.

पॉलिशच मऊ पडलं असेल तर घासत बसू नका, पॉलिशवाल्याला बोलवा.