स्कोपमधल्या खुणा कोन मोजतात, सेंटीमीटर नव्हे

रायफल रेंजवर नव्याने येणारे बरेच जण पहिल्याच दिवशी स्कोपमध्ये (रायफलीवरच्या दुर्बिणीत) डोकावून विचारतात, "रेटिकलवरच्या या दोन खुणांमध्ये किती सेंटीमीटर?" रेटिकल म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या, नेम धरायच्या रेघा आणि खुणा. प्रश्न साहजिक आहे, पण त्याला एकच उत्तर नाही. खुणांमधला कोन कायम असतो. लक्ष्य जितकं लांब, तितकी त्या कोनात मावणारी लांबी वाढत जाते.

मिल म्हणजे रेडियनचा हजारावा भाग. त्यामुळे १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटीमीटर, ५०० मीटरवर ५० सेंटीमीटर. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटीमीटर. १ मिल साधारण ३.४४ एमओए भरतो. यांतलं चांगलं कुठलं, या वादात नवख्याने पडूच नये. मीटर-सेंटीमीटरवर वाढलेल्यांना मिल लवकर अंगवळणी पडतं, एवढंच मी सांगेन. मात्र रेटिकल मिलचं आणि टरेट (नेम दुरुस्त करायला फिरवायची स्कोपवरची चकती) एमओएचा, असा जुन्या धाटणीचा स्कोप घेऊ नका. दर दुरुस्तीला गुणाकार करत बसावं लागतं.

हे सगळं कळल्यावरही माणसं गोळीच्या छिद्राचं नेमापासूनचं अंतर पट्टीने मोजतात, मग त्याचे क्लिक (टरेट फिरवतानाचे टप्पे) काढतात. तसं करायची गरजच नसते. जिथे नेम धरला होता तिथेच रेटिकलचं केंद्र ठेवा आणि छिद्र किती खाली दिसतंय ते खुणांवर वाचा. ०.६ मिल खाली दिसलं आणि एक क्लिक ०.१ मिलचा असेल, तर वर सहा क्लिक. लक्ष्य ८० मीटरवर होतं की ३०० मीटरवर, हे विचारावंच लागत नाही. माझ्या मते शिकण्यासारखी खरी गोष्ट हीच, बाकीचं गणित हळूहळू येतं.

एक अट मात्र आहे. रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असेल, म्हणजे झूम बदललं तरी तेवढंच दिसत असेल, तर खुणा एकाच ठरावीक झूमवर खऱ्या असतात, बहुधा सर्वाधिक झूमवर. झूम निम्मं केलं की १ मिलची खूण २ मिल झाकते. पहिल्या फोकल प्लेनचं रेटिकल झूमबरोबर लहानमोठं दिसतं, त्यामुळे त्यात ही भानगड नाही.

खुणांवरून अंतरही काढता येतं: लक्ष्याची उंची मीटरमध्ये, गुणिले १०००, भागिले मिल. अर्ध्या मीटरची पाटी २ मिल दिसली, तर ती २५० मीटरवर. पण तीच १.८ वाचलीत, तर उत्तर २७८ येतं. म्हणून मिलच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचा सराव हवाच.

स्कोप नवा असेल तर आधी त्याची परीक्षा घ्या. रायफल झिरो करून झाली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवून झाली, की १०० मीटरवर उंच कागद लावा आणि ओळंबा धरून त्यावर उभी रेघ मारा. रेघेच्या पायथ्याशी नेम धरून काही गोळ्या झाडा. मग टरेट ५ मिल वर फिरवा आणि नेम तिथेच ठेवून पुन्हा झाडा. दोन्ही पुंजक्यांच्या मध्यांत ५० सेंटीमीटर अंतर भरायला हवं. ४९ भरलं तर तुमचा टरेट २ टक्के कमी फिरतो. ते वहीत लिहून ठेवा आणि पुढे लांबचं मारताना हिशेबात धरा.