मराठी संशोधन-नियतकालिक स्कोपसमध्ये नेताना संदर्भसूची आधी रोमन लिपीत आणा

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातून निघणाऱ्या मराठी संशोधन-नियतकालिकांच्या संपादकांना कळकळीने सांगावेसे वाटते की, लेख मराठीत आहेत म्हणून स्कोपस या संशोधन-नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीचे दार बंद होत नाही; मात्र प्रत्येक लेखाचे शीर्षक व सारांश इंग्रजीत आणि संदर्भसूची रोमन लिपीत असावी लागते. देवनागरी ग्रंथनामांचे लिप्यंतर करताना एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी, नाहीतर एकाच ग्रंथाच्या उल्लेखांची सांगड लागत नाही. गावाच्या नावाचेही तसेच आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, तरी कुणी लेखक पत्त्यात अजून 'बेलगाम' लिहितो, कुणी 'बेळगाव'. सध्याच्या पत्त्याचे स्पेलिंग संपादकाने एकसारखे करून घ्यावे, जुन्या ग्रंथांवरील प्रकाशनस्थळ मात्र मूळ छापील रूपातच ठेवावे.

आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) नोंदणीतले नाव आणि संकेतस्थळावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे, कारण मुक्त, म्हणजे कुणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या, नियतकालिकांची डीओएजे ही सूचीदेखील तेच तपासते. समीक्षणाची (तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याची) पद्धत व प्रकाशन-नीतीचे निवेदन संकेतस्थळावर स्पष्ट असावे, अंक वेळेवर निघावेत. स्कोपसला किमान दोन वर्षांचे प्रकाशन लागते. अर्जाला शुल्क नसते. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला थारा देऊ नये.