लाईट गेल्यावर कामी येईल अशी बॅटरी (टॉर्च) कशी निवडावी

दोन वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर आमच्याकडे वावधान सुटलं. लिंबाची फांदी तारांवर पडली, डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि गाव तीन रात्री अंधारात राहिलं. पहिल्याच रात्री म्हैस व्यायला झाली. खुंटीवरची चार्जिंगची बॅटरी काढून बटण दाबलं, तर काजव्याएवढा उजेड पडला आणि पाहता पाहता विझला. आईने मोबाईल दातांत धरला आणि त्या उजेडात दोन्ही हातांनी रेडकाचे पाय ओढले. मोबाईलमध्ये अकरा टक्के चार्जिंग उरलं होतं.

ती बॅटरी मी नंतर दिवसा उघडून पाहिली. आत आगपेटीहून जरा मोठी काळी प्लास्टिकची डबी, तिच्यावर ४ व्होल्ट लिहिलेलं, दोन्ही कडा फुगलेल्या. पाच महिन्यांपूर्वीच आठवडी बाजारातून घेतली होती, उजेड पार बांधापर्यंत जातो म्हणून. तेव्हापासून उजेड किती लांब जातो हे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ते आतला सेल कोणता आहे, तो बदलता येतो का, आणि कमी उजेडावर बॅटरी किती तास तग धरते.

१. आधी आपल्या घरातला अंधार ओळखा

संध्याकाळी तास-दोन तास लाईट जाणं वेगळं. शेतीच्या फीडरला रात्रीची थ्री फेज आली म्हणून बारा वाजता गव्हाला पाणी द्यायला जाणं वेगळं. आणि डीपी जळाल्यावर नवी कधी येते म्हणून चार दिवस वाट बघणं अगदीच वेगळं. एकच बॅटरी या सगळ्याला पुरेल ही अपेक्षा धरली की पैसे वाया जातात.

साध्या शेतकरी घराला दोन बॅटऱ्या हव्यातच. एक डोक्याला बांधायची, म्हणजे धार काढताना, फ्यूज बघताना, चुलीपाशी भाकरी थापताना दोन्ही हात मोकळे राहतात. दुसरी हातात धरायची, रानात नेता येईल अशी. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीवर, कुणी राखणीला झोपत असेल, रानडुकरांचा त्रास असेल, तर लांब झोत टाकणारी तिसरी घ्या. त्याआधी नाही.

२. दुकानदाराला पहिला प्रश्न सेलचा विचारा

आपल्या बाजारात साधारण चार तऱ्हेच्या बॅटऱ्या मिळतात. फरक आतल्या सेलचा असतो, बाहेरचा चकचकीतपणा सोडून द्या.

दीडशे-दोनशे रुपयांच्या, मागे दोन पिना बाहेर काढून थेट बोर्डात खुपसायच्या बॅटऱ्यांत बहुतेक वेळा ती ४ व्होल्टची शिशाची डबी असते. शिशाच्या डबीला रिकामं पडून राहणं सहन होत नाही. आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही. वापरली की लगेच चार्ज, पडून असली तरी महिन्याला चार्ज, एवढं पाळणारं घर असेल तरच ती घ्यावी. आमच्याकडे ते पाळलं गेलं नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. स्वस्तातल्या कित्येक बॅटऱ्यांच्या चार्जिंगमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, आतलं सर्किट थेट २३० व्होल्टला जोडलेलं असतं. अंग तडकलेलं असेल तर चार्ज होताना शॉक बसू शकतो. बोर्डात लावलेली असताना तिचं बटण दाबू नका आणि लेकरांचा हात पोहोचेल अशा ठिकाणी लावू नका.

लिथियमचा सेल हा आजच्या घडीला सगळ्यात कामाचा. त्यातला '१८६५०' हा आकार सगळीकडे चालतो. आकड्यातच त्याचं माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. बॅटरीचं झाकण फिरवून हा सेल बाहेर काढता येत असेल तर ती घ्या, कारण दोन-तीन वर्षांनी सेल थकला तर तेवढाच बदलता येतो. सेल आत डकवलेला असेल तर सेल मेला की बॅटरी मेली.

पण इथे एक फसवणूक सर्रास चालते. सेलवर ६८००, ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) असे आकडे छापलेले असतात. या मापाच्या सेलमध्ये आजवर साधारण ३५०० ते ४००० एमएएचच्या आसपासच भरता आलेलं आहे, तेही चांगल्या, महागड्या सेलमध्ये. ९९०० छापलेला सेल दिसला की तो दुकानातच ठेवा. शंका आली तर सोनाराच्या काट्यावर वजन करा. खरा सेल साधारण ४५ ग्रॅमचा भरतो, बराच हलका भरला तर आत माल कमी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा, तोही बघून घ्या.

मग राहिले आपले किराणा दुकानातले सेल. यांना मी अजिबात कमी लेखत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत पाणी शिरलं. घरात पाणी आणि लाईट गेलेली असताना चार्जर लावायचा कुठे? अशा वेळी पेन्सिल सेलवर चालणारी एक साधी एलईडी बॅटरी घरात असली की मोठा आधार होतो. म्हणून दोनपैकी एक बॅटरी पेन्सिल सेलचीच ठेवा, डोक्याची असेल तर फारच छान. साधे झिंकचे सेल स्वस्त पण लवकर गळतात, अल्कलाइन जास्त चालतात पण विसरले तर तेही गळतात. निकेलचे पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल सुरुवातीला महाग पडतात, चार्जरही वेगळा लागतो, पण रोज वापर असेल तर वर्षाच्या आत पैसे निघतात. त्यातही पडून राहिले तरी चार्ज टिकवून ठेवणारे मिळतात, ते मागून घ्या.

३. तासांचा हिशेब स्वतः करा

खोक्यावर '२०० तास' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. टॉर्चसाठी जे अमेरिकी मानक जगभर वापरतात, त्यातसुद्धा उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे शेवटच्या तासांत बॅटरी नुसती मिणमिणत असते.

हिशेब सोपा आहे. एमएएचला व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे वॅट-तास मिळतात. २६०० एमएएचचा लिथियम सेल ३.७ व्होल्टचा असतो, त्याचे झाले सुमारे ९.६ वॅट-तास. चांगली एलईडी एका वॅटमध्ये साधारण १०० ल्युमेन उजेड देते. म्हणजे १०० ल्युमेनवर हा सेल आठ-नऊ तास जाईल. तीच बॅटरी २० ल्युमेनवर ठेवली तर दोन-तीन रात्री सहज निघतात. २००० एमएएचचे दोन निकेलचे पेन्सिल सेल मिळून ४.८ वॅट-तास देतात, म्हणजे याच्या निम्मे.

आता २० ल्युमेन म्हणजे किती, हे कळलं पाहिजे. रात्री उठून पाणी प्यायला, दार लावायला ५ ल्युमेनही पुरतात, कारण अंधाराला डोळे सरावलेले असतात. जेवायला, पोराला गृहपाठ करायला ३० ते ५० ठीक. अंगणात, गोठ्यात १०० ते १५०. रानात बांधावरून चालायला २००, आणि त्याहून मोठा झोत फक्त राखणीला. म्हणून बटणाच्या किमान तीन पायऱ्या असलेली बॅटरी घ्या, आणि सगळ्यात खालची पायरी खरंच मंद आहे का ते बघा. डीपी जळाल्यावर ती मंद पायरीच तुम्हाला चौथ्या रात्रीपर्यंत नेते. बटण दाबताच भकभक करणारी पायरी मध्येच येत असेल तर ती बॅटरी नको. अंधारात घाईच्या वेळी ती फार अडवते.

रंगाचंही बघा. पांढऱ्याफटक उजेडापेक्षा पिवळसर उजेडावर पाखरं कमी येतात. पहिल्या पावसानंतर ताटात किडे पडतात तेव्हा हा फरक लगेच कळतो.

४. दुकानातच हाताने तपासा

झाकण पूर्ण फिरवून काढा. आटे सरळ बसतात का, आत रबराची कडी आहे का, स्प्रिंग जाड आहे का ते बघा. झाकण बसवून बॅटरी तळहातावर चार-पाच वेळा जरा जोरात आपटा. उजेड लुकलुकला तर जोड ढिले आहेत, दुसरी मागा. चार्जिंगची जागा टाइप-सी असावी, म्हणजे मोबाईलची वायर चालते. काही स्वस्त बॅटऱ्या दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरने चार्जच होत नाहीत, त्यांना एका टोकाला जुनी चपटी पिन असलेली वायर लागते. हे घरी येऊन कळण्यापेक्षा तिथेच लावून बघा. पाण्याचं म्हणाल तर आयपीएक्स४ लिहिलेली बॅटरी पावसाचे शिंतोडे सहन करते. आयपीएक्स७ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, विहिरीवर, पाटावर वावरणाऱ्याने ती घ्यावी.

५. पहिल्याच आठवड्यात परीक्षा घ्या

बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि एका रात्री मधल्या पायरीवर चालू ठेवून जेवायला बसा. चालू केल्याची वेळ आणि उजेड उतरल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा तसंच करा. वेळ निम्म्यावर आली असेल तर पावसाळ्याआधी सेल बदला.

६. आपल्या उन्हाला जपा

लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं त्याचं शास्त्र आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, मग दुपारी पत्र्याच्या खोलीत किती होत असेल याचा विचार करा. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा. गाडीच्या डिकीत, ट्रॅक्टरच्या सीटखाली बॅटरी विसरू नका. सोलरची पाटी उन्हात आणि बॅटरी सावलीत, एवढी वायर लांब असलेलाच सोलर दिवा घ्या.

पेन्सिल सेलच्या बॅटरीत एक जुना आणि एक नवा सेल कधी घालू नका. जुना आधी संपतो, नवा त्याला रेटत राहतो आणि जुना गळतो. महिनोन्महिने लागणार नसेल तर सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये कागदाची चिठ्ठी सरकवून ठेवा. अंधारात ओढली की बॅटरी तयार.

७. जागा ठरवा आणि ती बदलू नका

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. आम्ही औसा तालुक्यातलेच. माझ्या वडिलांनी त्या दिवसापासून बॅटरी आणि चपला उशाला ठेवायचा नेम आजवर मोडलेला नाही. तुम्हीही एक बॅटरी झोपायच्या जागी हाताला लागेल अशी ठेवा, दुसरी दाराजवळच्या देवळीत. तिला रेडियमची पट्टी चिकटवा. आमच्या घरात नियम आहे: देवळीतली बॅटरी जो काढेल त्यानेच परत ठेवायची, पाहुणा असला तरी.

रात्री चालताना हातातली बॅटरी कमरेच्या खाली धरून झोत जमिनीलगत टाका. उजेड आडवा पडला की दगडाची, सापाची सावली लांब पडते आणि लवकर दिसते. जमिनीवर झोपत असाल तर अंथरूण टाकण्यापूर्वी आणि मध्येच उठल्यावर उजेड फिरवून बघा. मण्यार रात्रीच फिरतो आणि त्याचा चावा फारसा दुखतही नाही, म्हणून माणूस झोपेतच राहतो.

घरात सगळ्यांना उजेड हवा असेल तर पाण्याने भरलेली पांढुरकी प्लास्टिकची बाटली बॅटरीच्या तोंडावर उभी करा. झोत फुटून खोलीभर पसरतो. पांढरा स्लॅब असेल तर बॅटरी तांब्यात उभी करून झोत वर सोडला तरी चालतं. काळवंडलेल्या माळवदाखाली मात्र बाटलीच बरी.

दर अमावस्येला दोन्ही बॅटऱ्या पेटवून बघा आणि चार्जिंगला लावा. फुगलेला लिथियम सेल दिसला तर तो त्याच दिवशी बाहेर काढा, पुन्हा चार्ज करू नका. मेलेले सेल चुलीत किंवा उकिरड्याच्या आगीत टाकू नका, लिथियमचा सेल आगीत फुटतो. झाकणाच्या एका पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात टाका, टोकांना चिकटपट्टी लावून. तालुक्याला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे जाणं झालं की डबा सोबत न्या.