गाभण मांजर आणि पार्वोची भीती: घाबरून या चुका करू नका

पाऊस सुरू झाला की दरवर्षी तेच. पार्किंगमध्ये भिजलेलं पिल्लू सापडतं, कोणालातरी दया येते, ते घरी आणतात, टॉवेलने पुसतात, दूध पाजतात, दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू जातं. मग रात्री अकराला मला मेसेज, ताई आमची मनी गाभण आहे, ती पण त्याला चाटत होती, आता काय करू?

काही वर्षांपूर्वी ते पिल्लू आणणारी मीच होते आणि घरात आमची चिंगी दीड महिन्याची गाभण. खालच्यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात, त्यामुळे कोणाला बोल लावायला नाही लिहीत.

चूक: "व्हायरस" म्हणजे एकच काहीतरी समजणं

ही सगळ्यात मोठी, कारण बाकी सगळं हिच्यावर ठरतं. पिल्लू उलट्या-जुलाबाने पटकन गेलं असेल तर पहिला संशय पॅनल्युकोपेनियाचा, ज्याला आपण मांजरांचा पार्वो म्हणतो. हा शीतून पसरतो, चप्पल-झाडू-हात कशावरूनही येतो, त्यामुळे दोघांची गाठ पडली नसली तरी धोका आहेच. दुसरा ल्युकेमियाचा व्हायरस, एफईएलव्ही. तो लाळेतून जातो, म्हणजे एकमेकांना चाटणं, एका ताटलीत खाणं, चावणं, आणि आईकडून पोटातल्या पिल्लांना किंवा नंतर दुधातून. शरीराबाहेर तो फार टिकत नाही, साबणाने मरतो. पार्वो मात्र घरात वर्षभरसुद्धा राहू शकतो. शिंका, चिकट डोळे, तोंडात फोड असतील तर तो फ्लूवाला प्रकार, त्याची काळजी वेगळी.

म्हणून पिल्लू गेलं की रडत रडत लगेच पुरून टाकू नका, आधी व्हेटला फोन करा. शीच्या सॅम्पलवर पार्वोची टेस्ट होते, कुत्र्यांसाठीचं किट असतं तेच मांजरात चालतं आणि दहा-पंधरा मिनिटांत कळतं. मी पुरून टाकलं आणि पुढचे दोन आठवडे नुसता अंदाज करत बसले.

चूक: "आधी लस देऊन टाकू"

हेच मी केलं. दुसऱ्याच दिवशी चिंगीला टोपलीत घालून गेले, म्हटलं लस द्या. डॉक्टरांनी टेबलावर ठेवल्या ठेवल्या पोटाला हात लावला, विचारलं गाभण आहे ना, आणि भरलेली सिरिंज बाजूला ठेवली. मी सांगितलंच नव्हतं, डोक्यातच नव्हतं आलं!

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मिळणाऱ्या लसीत पार्वोचा व्हायरस कमजोर केलेला पण जिवंत असतो. मोठ्या मांजरीला त्याने काही होत नाही, पण तो पोटातल्या पिल्लांपर्यंत पोचू शकतो आणि ज्या भीतीने लस दिली तेच नुकसान लसच करून बसते. गाभण मांजरीला आणि ४ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना ही लस द्यायची नसते. मेलेल्या व्हायरसची, म्हणजे इनअॅक्टिव्हेटेड लस वेगळी असते, अगदीच गरज पडली तर डॉक्टर तिचा विचार करतात. तर दवाखान्यात शिरताना पहिलं वाक्य "गाभण आहे" आणि दुसरं "लस लाइव्ह आहे का?"

आणि तिचं लहानपणचं लसीकरण नीट पूर्ण झालं असेल, वर्षाने बूस्टरही झाला असेल तर जरा श्वास घ्या, पार्वोविरुद्धचं संरक्षण साधारण ३ वर्षं किंवा जास्तही टिकतं. लसीचं कार्ड शोधा, तेच सगळ्यात आधी बघायचं.

चूक: फिनेल, डेटॉल, सॅनिटायझर

पार्वो यांना भीक घालत नाही. हाताला लावायचा अल्कोहोलवाला सॅनिटायझर, क्लिनिकमधली बरीच जंतुनाशकं, कशानेच धड मरत नाही. उलट फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं अँटिसेप्टिक हे फेनॉलच्या जातीतले, मांजरांच्या लिव्हरला ते पचवताच येत नाहीत. ती पुसलेल्या लादीवरून चालणार, मग पंजे चाटणार, म्हणजे विष पोटात.

ब्लीच लागतं. साधारण ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, १ लिटर पाण्यात ३० मिली. पण आधी साबणाने घासून घाण काढा, कारण शी-उलटीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. मग ब्लीचचं पाणी लावून १० मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा, सुकेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. पाणी रोज नवीन करा. आणि बाथरूममध्ये टॉयलेट क्लीनरबरोबर ब्लीच चुकूनही मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो. लिटर बॉक्समध्ये लघवी असताना ओतलं तरी घाण वायू निघतो, आधी रिकामा करून धुवा. पुठ्ठ्याचे खोके, गोणपाट, त्या पिल्लाचं अंथरूण सरळ फेकून द्या.

चूक: आज भेट, उद्या टेस्ट

एफईएलव्हीची रक्ताची टेस्ट दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही. ती टेस्ट आधीपासून आजार आहे का एवढंच सांगते. संपर्क झाल्यावर निदान ३० दिवसांनी परत करावी लागते, तोवर बाकीच्या मांजरांपासून वेगळी ठेवा.

पार्वोत उलट थांबायला वेळच नसतो. लागण झाल्यापासून २ ते १० दिवसांत लक्षणं दिसतात, मी दोन आठवडे लक्ष ठेवा म्हणते. खाणं बंद, अंग चोरून बसणं, पाण्याच्या भांड्यावर मान लोंबकळत ठेवून न पिणं, उलट्या, १०४ च्या वर ताप. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

इथे एक गोंधळ हमखास होतो. मांजरीचं नॉर्मल तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, आणि व्यायच्या आदल्या दिवशी ते १०० च्या खाली येतं. बरेच जण हे वाचून थर्मामीटर घेऊन बसतात आणि तापमान उतरलं की खूश, आता पिल्लं येणार! पण पार्वोने खंगलेल्या मांजरीचंही तापमान शेवटी शेवटी असंच उतरतं आणि ते फार वाईट लक्षण आहे. फरक ओळखायचा तो तारखेवरून. बोका आला ती तारीख लिहून ठेवा, तिथून ६३ ते ६५ दिवस मोजा. साठाव्या दिवसानंतर, ती कपाटात जागा उकरतेय, हाकेला बघतेय आणि तापमान उतरलं, तर ठीक. पंचेचाळिसाव्या दिवशी निपचित पडलीये आणि कान गार लागतायत तर रिक्षा बोलवा.

चूक: घरातली औषधं

पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरते. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक पण नको, डॉक्सीसायक्लिनसारखी काही गाभणपणात टाळतात. स्टिरॉइडने गर्भ पडू शकतो. कुत्र्याचं पिसवांचं औषध तर मुळीच नाही. तिला लागतं ते पाणी, पिल्लांसाठीचं कॅट फूड आणि शांत खोली.

चूक: आई ठणठणीत म्हणजे पिल्लं पण ठीक

मोठ्या मांजरीत पार्वो कधीकधी काहीच न दाखवता येऊन जातो. सुरुवातीच्या दिवसांत लागण झाली तर गर्भ आतच विरघळतात किंवा पडतात, बाहेर काही दिसेलच असं नाही, फक्त पोट वाढायचं थांबतं. म्हणून सोनोग्राफी करून ठोके बघून घ्या. शेवटच्या आठवड्यांत लागण झाली तर पिल्लं जन्मतात, पण मेंदूचा तोल सांभाळणारा भाग नीट वाढलेला नसतो.

आणि एक बोलते, काहींना आवडणार नाही. रस्त्यावरची मांजर असेल, सुरुवातीचे दिवस असतील आणि ती आजारी नसेल तर मी डॉक्टरांशी स्पेइंगबद्दल, म्हणजे गर्भाशयच काढून टाकणाऱ्या नसबंदीबद्दल, बोलेन. आजारी असेल तर आधी ती बरी व्हायला हवी.

चूक: भीतीने पिल्लं आईपासून काढणं

पहिल्या दिवसाचं चीक-दूध पिल्लांना मिळायलाच हवं, आईची प्रतिकारशक्ती त्यातून पहिल्या २४ तासांच्या आतच मिळते, नंतर नाही. एफईएलव्ही पॉझिटिव्ह आई असेल तर निर्णय अवघड असतो, तो व्हेटबरोबर घ्या, पण स्वतःच्या मनाने बाटली सुरू करू नका. रोज एकाच वेळी वजन करा, भाजीचा डिजिटल काटा चालतो. जन्माला साधारण १०० ग्रॅम, मग दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला पाहिजे. एक दिवस जरी वजन घटलं तरी फोन करा.

चिंगीला तीन झाली. दोन नॉर्मल, तिसरं तीन आठवड्यांचं झाल्यावर चालायला लागलं आणि डुलत डुलत आडवं पडायला लागलं. एकाने सांगितलं याला झोपवून टाका, हाल होतील. हाल काही होत नाहीत, मेंदूच्या त्या भागाचा हा दोष दुखत नाही, वाढतही नाही, जेवढं आहे तेवढंच राहतं. तो झोकांड्या खात का होईना, लिटरला स्वतः जातो. फक्त लिटरचा ट्रे बुटक्या काठाचा ठेवा, गुळगुळीत लादीवर सतरंजी टाका, खिडकीला जाळी लावा, आणि पाण्याचं भांडं जड चिनीमातीचं घ्या. आमच्याकडे आधी स्टीलची वाटी होती, दिवसातून चार वेळा पोछा मारायचे.