पंप नको, वीज नको: एका बादलीपासून हायड्रोपोनिक्स

हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात रोपं वाढवणं, म्हटलं की पांढऱ्या पाइपांचे मजले, पंप, टायमर असं सगळं डोळ्यांपुढे येतं आणि किटची किंमत ऐकून माणूस मागे फिरतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने त्या पाइपांच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवावा लागतो. उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली की पंप थांबतो आणि काही तासांत मुळं सुकू लागतात.

सुरुवात करावी झाकणाच्या बादलीपासून. हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांनी ही पद्धत विकसित केली, म्हणून ती 'क्रॅटकी पद्धत' म्हणून ओळखली जाते. खतं विरघळवलेलं पाणी एकदाच भरायचं. रोप ते पीत जातं, पातळी उतरते आणि वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा साठते. त्या हवेत मुळांना पांढरी, लवदार तंतुमुळं फुटतात आणि ती प्राणवायू घेतात. खालची मुळं पाणी आणि अन्न ओढतात.

काय काय लागेल

दहा लिटरची घट्ट झाकणाची नवी बादली, दोन इंची जाळीचे कप (नर्सरीत नेट पॉट म्हणून मिळतात), भाजलेल्या मातीच्या गोळ्या, थोडा स्पंज, 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांतलं तयार पोषणद्रावण, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते, तपासायचं थेंबांचं किट. रंगाची रिकामी बादली वापरू नका; आपल्याला त्यातली भाजी खायची आहे. बादलीतून उजेड आत जात असेल तर पाण्यात शेवाळ धरतं. म्हणून बाहेरून आधी काळा रंग द्या आणि त्यावर पांढरा, म्हणजे उन्हात पाणी तापणार नाही.

पहिलं पीक

पहिल्या खेपेला पुदिना घ्या. बाजारातल्या जुडीतल्या टवटवीत काड्या निवडा, खालची पानं काढून टाका आणि काड्या साध्या पाण्याच्या ग्लासात सावलीत ठेवा. एक दिवसाआड पाणी बदला. साधारण आठवड्याभरात पेरांतून मुळं निघतात, की रोप तयार.

लेट्यूस हवं असेल तर आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ. पारा तिशीच्या वर गेला की त्याचं बी उगवायला कुरकुरतं, आणि उगवलं तरी रोप लवकर फुलाचा दांडा सोडतं, पानं कडू होतात. स्पंजचे इंचभर तुकडे करून मधोमध चीर द्या, चिरेत वरच्या वर बी ठेवा, स्पंज ओला राहू द्या. बी खोल खुपसू नका, त्याला उजेड लागतो. तीन-चार खरी पानं (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली आणि मुळं स्पंजच्या खाली डोकावू लागली की रोप हलवता येतं. मेथी, कोथिंबीर यांची रोपं हलवलेली सोसत नाहीत. त्यांचं बी थेट कपातच टाका.

पाणी आणि खत

इथे घाई करू नका, कारण बहुतेक बादल्या इथेच बिघडतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा आणि सकाळी मीटर बुडवून बघा. बोअरच्या पाण्याचं टीडीएस मुळातच पाचशे-सातशे निघत असेल तर ते सोडून द्या. खताला जागाच उरत नाही. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी झाडांना चालेल असं अनेकांना वाटतं, पण सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात. पावसाचं स्वच्छ पाणी उत्तम.

बादली भरल्यावर आधी 'ए' घाला, नीट ढवळा, मगच 'बी'. दोन्ही दाट द्रावणं कधीही एकत्र ओतू नका. 'ए'मधलं कॅल्शियम 'बी'मधल्या सल्फेट आणि फॉस्फेटशी जुळून पांढरा साका तळाला बसतो, आणि तो मुळांच्या कामाचा नसतो. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्यापासून सुरुवात करा. पालेभाजीला मीटरवर ६०० ते ८०० पीपीएम (टीडीएसचं एकक) पुरतं. कुंडीतला युरिया इथे चालत नाही; मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करून देतात, बादलीत ते पुरेसे नसतात.

पीएच ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हवा. तो वर गेला की पाण्यात लोह असूनही रोपाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं पान दिसलं तर आणखी खत घालू नका, आधी पीएच बघा. खाली आणायचं द्रावण विकत मिळतं, ते थेंबाथेंबाने घाला.

लावणी आणि पुढची देखभाल

झाकणाला कप काठावर अडकेल एवढी भोकं पाडा. पुदिन्याला तीन, लेट्यूसला दोनच. कपात रोप ठेवून भोवती गोळ्या भरा. कपाचा तळ सेंटिमीटरभर पाण्यात बुडेल इतकंच पाणी ठेवा. सकाळचं पाच-सहा तास ऊन येणारी पूर्वेची गॅलरी सगळ्यात चांगली.

यानंतर हात आवरायचा. पातळी उतरलेली बघून बादली पुन्हा काठोकाठ भरण्याचा मोह होतो, पण तसं केलं तर हवेतली मुळं बुडतात आणि रोप मान टाकतं. पाणी तळाशी गेलंच, तर सौम्य द्रावण एक तृतीयांश बादलीपर्यंत घाला, वर नाही. मुळं पांढरट असतील तर सगळं ठीक. तपकिरी, बुळबुळीत झाली आणि वास येऊ लागला, तर पाणी तापलं आहे. बादली सावलीत हलवा आणि द्रावण बदला.

डासांची काळजी मात्र मनापासून घ्या. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. कपाच्या कडेला फट राहिली तर स्पंजने बुजवा आणि दर चार-पाच दिवसांनी झाकण उचलून टॉर्चने आत बघा. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओता.

लेट्यूसची बाहेरची पानं लावणीनंतर साधारण महिन्याभराने तोडता येतात. मधला गाभा ठेवला की ते पुन्हा वाढतं. पुदिना पेराच्या वर कापा, तिथून दोन फांद्या फुटतात. पीक संपल्यावर उरलेलं द्रावण जास्वंदीच्या किंवा मोगऱ्याच्या कुंडीत घाला, बादली घासून उन्हात वाळवा आणि मगच पुढची रोपं लावा. दुसरी बादली पहिलीनंतर पंधरा दिवसांनी सुरू केलीत तर घरात पानांचा खंड पडणार नाही.